हाताले समजते

"या पंचक्रोशीत जो जो दोन पायांवर चालते, थो पयले आमच्या मंडळीच्या दोन हातांवर आला हाय!"

हे वाक्य शालिग्राम ग्रामसभेत बोलला होता, दोन लग्नांत बोलला होता आणि एका तेरवीलाही बोलला होता. वाक्य तसं खोटं नव्हतं. फक्त त्यातून तीन माणसं तरी वगळावी लागत. एक खुद्द शालिग्राम, कारण तो बायकोपेक्षा सात वर्षांनी मोठा. दुसरा तलाठी, कारण तो बदलून आलेला. आणि तिसरा पवन, त्यांचा एकुलता एक मुलगा. एकतीस वर्षांपूर्वी प्रयागबाई तीन दिवस कळा देऊन अर्धी मेली, तेव्हा त्याला अकोल्याच्या दवाखान्यात पोट फाडून काढावं लागलं होतं. हे तिसरं नाव शालिग्राम कधी घेत नसे. प्रयागबाईही घेत नसे.

ती सुईण होती. सासूकडून हे काम तिच्याकडे आलं, आणि सासूची जुनी कात्री आली. गेली दहा-बारा वर्षं बायका बाळंतपणाला गाडीत बसून दवाखान्यातच जात. पण परत आल्या की आधी प्रयागबाईच्या ओसरीवर येऊन आडव्या होत. डॉक्टरणीनं कागदावर काहीही लिहून दिलेलं असो, प्रयागबाईचा हात पोटावरून फिरल्याशिवाय तो कागद पक्का होत नसे. ती डोळे मिटायची, बोटांच्या टोकांनी हळूच दाबत जायची आणि म्हणायची, "हं. पाठ डाव्या अंगाले. डोकं खाली. जाय, कायजी करू नको." कोणी विचारलंच, की हे कसं कळतं, तर म्हणायची, "हाताले समजते."

यंदाच्या आषाढात हाताला समजणं बंद झालं.

पहिल्यांदा कळलं ते नाकाला. चुलीवरचा तवा तिनं हातानंच सरकवला आणि काहीतरी जळाल्याचा वास आला. भाकरी पाहिली, भाकरी तर शाबूत होती. मग हात पाहिला. चार बोटांची टोकं पांढरी पडून टरारली होती आणि तिला काही म्हणजे काही झालं नव्हतं. त्यानंतर तुरीच्या डाळीतले खडे तिच्या बोटांना लागेनात. शालिग्रामची दाढ त्यातल्या एका खड्यावर तुटली. त्यानं किराणावाल्याला आठ दिवस शिव्या दिल्या, प्रयागबाईनं त्या मुकाट्यानं ऐकल्या. मंगरूळपीरच्या डॉक्टरनं साखर आहे म्हणून दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तिनं गोड चहा सोडला होता, म्हणजे स्वतःच्या घरचा.

ही गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नाही. बायका येत राहिल्या. ती डोळे मिटत राहिली. नऊ बायांपैकी आठजणींच्या बाळाचं डोकं खालीच असतं, हे तिला चाळीस वर्षांत ठाऊक झालं होतं. तेवढ्यावर चार महिने निघाले.

आणि सुनेचे दिवस भरत आले.

*

वैष्णवीला माय नव्हती. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम तिला लागला नाही. कमी बोलणारी पोरगी. नववा लागला तरी दोन कळश्या कमरेवर घेऊन यायची, आणि प्रयागबाई ओरडली की एक खाली ठेवायची, दुसरी आणायची, मग पहिली न्यायला परत जायची.

गावची आशा-सेविका सपना तिला आठव्या महिन्यात तपासायला मंगरूळपीरच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरणीनं सांगितलं, बाळ अजून उलटं बसलं आहे, डोकं वर आहे. फिरेलही. पण नवव्यात सोनोग्राफीला यायचंच, नाही फिरलं तर ऑपरेशन लागेल. कार्डावर तारीख लिहिली, तिच्याभोवती लाल गोल काढला. गुरुवार. कार्ड कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलं.

त्याच गुरुवारी भागवतचा हडंबा दारात आला.

पाच एकरांतलं सोयाबीन कापून शेतात सुडीचा ढीग रचून ठेवला होता. आभाळ चार दिवसांपासून भरून येत होतं. मळणीच्या यंत्राला या भागात हडंबा म्हणतात, आणि हंगामात हडंब्यासाठी जेवढी माणसं नंबर लावतात तेवढी देवासाठीही लावत नाहीत. नंबर गेला की आठ दिवस गेले. सुडी भिजली की दाणा काळा पडला.

सकाळी सात वाजता अंगणात एवढी माणसं जमली होती : ट्रॅक्टरवर भागवत, दारात सपना, नवी साडी नेसून आणि कार्ड पिशवीत घालून तयार झालेली वैष्णवी, आणि डोक्याला टॉवेल बांधलेला पवन, जो कोणाकडेच पाहत नव्हता.

"बाबा," पवन म्हणाला, "आज हिची तारीख हाय."

"हडंब्याची बी आजच हाय," शालिग्राम म्हणाला. "काय गा भागवत, उद्या थांबतं का?"

"मी थांबतो ना बुवा," भागवत ट्रॅक्टरवरून म्हणाला. "पानी थांबते का थे विचारा."

सपना पुढं झाली. "काका, दादाले राहू द्या कामावर. वहिनीले मी नेतो. शेलूबाजारवरून जीप भेटते. फक्त घरचं एक मानूस पाह्यजे सोबत. ऑपरेशनचं म्हनलं तं सही लागते."

घरचं माणूस म्हणजे प्रयागबाई. आणि प्रयागबाईला बारा मजुरांच्या भाकरी थापायच्या होत्या.

"आन् कायले जा लागते?" शालिग्राम म्हणाला. आता त्याचा आवाज ग्रामसभेतला झाला. "सपना, तू काल जन्मली. कोनाच्या हातावर जन्मली?"

"काकूच्या."

"झालं मंग! तुही मशीन काचातून पाह्यते. आमची मंडळी हातानं पाह्यते. घरात दाई असून माही सून दवाखान्याच्या लाईनीत उभी दिसली, तं लोक काय म्हनतीन? हलवायाची पोरगी दुसऱ्याच्या दुकानी पेढे मांगते?"

"काका, लोकाइचं काय—"

"थांब. झगडा नको." शालिग्रामनं हात वर केला. "पवनची माय, तू पाह्य हात लावून. डोकं खाली असन तं हडंबा. वर असन तं दवाखाना. बोल सपना, हाय का नाही इन्साफ?"

इन्साफ सगळ्यांना पटला. भागवतनं इंजिन बंद केलं.

वैष्णवी आत बाजेवर निजली. नव्या साडीची घडी मोडू नये म्हणून तिनं निऱ्या नीट धरल्या होत्या. प्रयागबाई शेजारी टेकली, हात पदराला पुसले, पोटावर ठेवले.

पोट ऊबदार होतं. एवढं मनगटाला कळलं. पुढं बोटं होती, पण बोटांपुढं काही नव्हतं. पोत्यावरून आतला दाणा चाचपावा तसं. तिनं डोळे मिटले. खाली दाबलं. काहीतरी होतं. डोकं असेल, कुल्ला असेल, धोंडा असेल. वर दाबलं. वरही काहीतरी होतं.

"मामी," वैष्णवी सासूला हळूच म्हणाली, "मले वरच वाटते. इथं, बरगडीखाली, कडक लागते काहीतरी. गोल. झोपू देत नाही."

ते ऐकून प्रयागबाईचे हात थांबले. बरगडीखाली कडक आणि गोल काय असतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. हात शाबूत असते तर सून बोलायच्या आधीच ती बोलली असती. आता बोलायचं तर असं बोलायला हवं होतं : मले समजत नाही. तीन शब्द. दारात सपना उभी होती, तिच्या मागं पवन, पवनच्या मागं टाचा उंच करून शालिग्राम. सगळी तिच्या तोंडाकडे पाहत होती, आणि शालिग्राम तर असा पाहत होता, की निकाल लागलेला आहे, फक्त पेढे वाटायचे आहेत.

हाताला काही समजलं नाही. तोंडाला सवय होती.

"हं," ती म्हणाली. "टाच असन थे. डोकं खाली हाय."

बाहेर हडंबा सुरू झाला.

सपनानं कार्ड परत खिळ्याला लावलं. जाताना म्हणाली, "काकू, सोमवारी परत डॉक्टरीन बसते. सोमवारी तं पाठवसान?" "सोमवारी पाठवतो," पवन म्हणाला. वैष्णवीनं नवी साडी सोडून ठेवली आणि मजुरांसाठी पाण्याची कॅन भरायला घेतली.

दिवसभर शेतात हडंबा घुमत होता. कुटाराचा, म्हणजे भुशाचा, धुरळा बाभळींवर बसला, पवनच्या पापण्यांवर बसला, भाकरीच्या टोपल्यावर बसला. शालिग्राम सुडीच्या कडेला खाटेवर बसून कोणी पेंढी कशी टाकावी ते सांगत होता. प्रयागबाईनं एकेचाळीस भाकरी थापल्या. संध्याकाळी दाणा घरात आला, कोरडा, पिवळा, खणखणीत.

पाऊस त्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यातच आला नाही.

*

रविवारी सकाळी वैष्णवी अंगण झाडत होती. झाडता झाडता थांबली, खाली पाहिलं आणि म्हणाली, "मामी, पानी गेलं."

कळा अजून धड सुरूही नव्हत्या. प्रयागबाईनं तिला आत नेऊन निजवलं, लुगडं सारलं आणि पाहिलं. हाताला जे समजलं नव्हतं ते डोळ्यांना लखलखीत दिसलं. एक पाऊल. निळसर, बोटभर, पाचही बोटं असलेलं. आणि त्याच्या बाजूनं लोंबणारी नाळ.

नाळ दोन बोटांत धरली की आत जीव उडतो आहे की नाही ते समजतं. सासूनं तिला पहिलं तेच शिकवलं होतं. तिनं धरली. उडत असेल. नसेलही.

"गाडी!" ती बाहेर येऊन ओरडली. "गाडी बोलवा! दवाखान्यात न्या तिले!"

"अवो, तू हायस ना," शालिग्राम दात घासता घासता म्हणाला. "एवढी कायले घाबरतं? पायाळू तं पायाळू. पायाळू तं तू कितीक काढले."

"माह्या हाताले नाही समजत!" ती म्हणाली. "मले नाही समजत काही!"

शालिग्रामनं ते ऐकलं आणि भीतीच्या खात्यात टाकलं. घरचंच बाळंतपण आहे, जीव घाबरतो माणसाचा. चूळ भरून त्यानं तेच शेजाऱ्याला सांगितलं.

सपना धावत आली. अॅम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागणार होती. पवननं भागवतची पिकअप आणली; तिच्यात अजून सोयाबीनचं कुटार पडलेलं होतं. त्यावर गोधडी टाकली. सपनानं वैष्णवीला गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवी केली, कंबर वर, डोकं खाली. "वहिनी, अशीच राह्य. हलू नको. नाळेवर वजन नाही पडलं पाह्यजे." शेलूबाजारपर्यंतचा रस्ता सात किलोमीटर, आणि त्यात रस्ता असलेला भाग दोन किलोमीटर. प्रत्येक खड्ड्याला वैष्णवीच्या तोंडून आवाज यायचा, ओरडणं नव्हे, कोणी मागून ढकलल्यावर येतो तसा. प्रयागबाईनं तिचं कपाळ दोन्ही तळव्यांत धरलं होतं. घाम तिला मनगटावर आला तेव्हा कळला.

दवाखान्यात नर्सांनी धावपळ केली. अर्ध्या तासानं डॉक्टरीण बाहेर आली. पवनपेक्षाही लहान असेल. मुलगा होता, अडीच किलोचा. रडला नव्हता. वैष्णवी ठीक होती.

"यांना गुरुवारची तारीख होती," डॉक्टरीण कार्ड पाहत म्हणाली. "का नाही आणलं?"

 शालिग्राम टोपी काढून म्हणाला, "मॅडम, हडंबा होता."

डॉक्टरीण बहुतेक लांबच्या गावची होती. तिनं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कोणाला कळलं नाही.

पवननं शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, खड्डा खणला. पाऊस नसल्यामुळं जमीन टणक झाली होती; कुदळ दोनदा उसळून त्याच्या नडगीला लागली. एवढ्याशा कामाला त्याला फार वेळ लागला.

*

गावाला या गोष्टीचा उलगडा करायला दोन दिवस पुरले. पोरगं मेलं कुठं? दवाखान्यात. घरी मेलं का? नाही. मग?

"आन् कायले नेलं म्हन्तो मी," सोसायटीच्या ओट्यावर कोणीतरी म्हणालं. "घरीच ठेवली असती तं प्रयागबाईनं हासत काढलं असतं."

पहिल्या दिवशी शालिग्राम हे ऐकून नुसता खाली पाहत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं मान हलवली. पाचव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "आखरीच्या टायमाले बाईमानसाचा जीव घाबरला, नाहीतं दवाखाना आमच्या घरात पयल्यांदाच दिसला असता कायले?" हे बोलताना आपण खोटं बोलतो आहोत असं त्याला वाटतही नव्हतं. आठवड्याभरात गावात पक्कं झालं, की प्रयागबाईचा हात सोडून दवाखान्याच्या नादी लागलं की असं होतं. मेलेल्या नातवानंही आजीचं नाव वाढवलं.

प्रयागबाई हे चुलीशी बसून ऐकायची. उठावं, ओट्यावर जावं, सांगावं, असं तिला रोज वाटायचं. रोज एक भाकरी करपायची.

घरात वैष्णवी बाजेवर पडून असायची. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. दुधाला कोणी काही सांगितलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला, पोलकं भिजून बाजेच्या सुतळीला वास लागला. सपना दवाखान्यातून विचारून गोळ्या घेऊन आली. प्रयागबाईनं जुन्या रीतीनं जुनं धोतर फाडून पट्टा केला, छातीवरून पाठीमागं आवळून बांधला. रोज सोडायचा, रोज बांधायचा. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलण्यासारखं एकच होतं.

बाराव्या दिवशी सकाळी तांड्यावरची बेबीबाई आली, सोबत तिची सून रंजीता. रंजीताला आठवा होता. दिवाळी झाली की घरची सगळी माणसं ऊस तोडायला जाणार होती.

"बस, बेबीबाई," शालिग्राम ओसरीवरून म्हणाला. बाराव्या दिवशी त्याचा आवाज परत आला होता. "आली ना शेवटी? आता समजलं लोकाइले."

"व्हय ना," बेबीबाई म्हणाली. "थे सपना मागं लागली हाय, चाल सोनोग्राफीले, चाल सोनोग्राफीले. म्या म्हनलं, तुमच्या घरचं दिसलं ना बाप्पा. दवाखान्यात नेलं आन् घालवलं. आमाले नाही जायचं. प्रयागमाय, तुमी हात लावा. डोकं खाली म्हना, आमी ऊसतोडीच्या गाडीत बसतो."

रंजीता ओसरीवर आडवी झाली. सतरा-अठरा वर्षांची दिसत होती, कार्डावर वीस असेल. ती प्रयागबाईकडे पाहत होती, वैष्णवीनं पाहिलं होतं तशीच. दाराच्या आत, पडद्यापलीकडे वैष्णवीची बाज करकरली.

प्रयागबाईनं हात पदराला पुसले. पोटाकडे नेले आणि मधेच थांबवले. मग वळून तळवा बेबीबाईपुढं धरला आणि डोळे मिटले.

"बेबीबाई, याच्यात काही ठेव."

"काय ठेवू?"

"काहीही ठेव. मी सांगते काय हाय थे."

बेबीबाई हसली. चंचीतली सुपारी काढून तिनं म्हातारीच्या बोटांवर ठेवली. मग सगळी वाट पाहू लागली. बराच वेळ गेला.

"ठेव ना," प्रयागबाई म्हणाली.

"ठेवली ना!"

"ठेवली का?"

तिनं डोळे उघडले आणि सुपारीकडे पाहिलं.

"आषाढापासून असं हाय," ती म्हणाली. "साखरेनं गेले हात. सुनंच्या पोटावर हात ठेवला तवा बी असेच होते. मले काही समजलं नाही. तिनं मले सांगतलं, वर कडक लागते म्हनून. पोरीले समजलं होतं. डॉक्टरनीनं कागदावर लिहून देल्लं होतं. मी म्हनलं, डोकं खाली हाय. लोक पाहून राह्यले होते म्हनून म्हनलं. दवाखान्यानं नाही मारलं माह्या नातवाले. म्या मारलं. आन् हा पवन बी माह्या हातचा नाही, थो बी दवाखान्यातच निंघाला. मी बी तवाच मेली असती. जाय, सांग तांड्यात. गावात बी सांग."

शालिग्रामनं तोंड उघडलं. तीस वर्षं त्याच्याकडे प्रत्येक प्रसंगाला एकच वाक्य होतं आणि आज ते कुठंच बसेना. तो उठला, टोपी घातली, जायला कुठंच नव्हतं म्हणून परत बसला.

बेबीबाईनं सुपारी उचलून चंचीत टाकली. थोडा विचार केला.

"बरं, थे जाऊ द्या, प्रयागमाय," ती समजुतीनं म्हणाली. "एवढं चालत आलो तं नुसता हात तं लावा."

"नाही लावत."

"गुनाचा हात हाय तुमचा. समजो का न समजो."

रंजीता एका हातावर भार देऊन उठली. पदर सारखा केला. "मी सपनाताईच्या घरी चालली," ती सासूला म्हणाली. "तुले यायचं असन तं ये." आणि खरंच पायऱ्या उतरली. बेबीबाई दोन क्षण इकडं-तिकडं पाहत राहिली, मग "अवो, हळू, हळू चाल," म्हणत तिच्या मागं गेली.

प्रयागबाई आत आली. वैष्णवी भिंतीकडे तोंड करून बसली होती. पाठीवर धोतराचा पट्टा दोन जागी ओला झाला होता.

"ऐकलं?"

"व्हय."

प्रयागबाईनं बारा दिवस शब्द जुळवले होते. पाय धरायचे, असंही ठरवलं होतं. ती बाजेशी खाली बसली, सुनेच्या पायांकडे हात नेला. वैष्णवीनं पाय वर ओढून घेतले. तशीच पाठमोरी राहिली. बाहेर कोणाची तरी शेळी कुटाराच्या ढिगावर चढून शिंकली. वैष्णवीचा खांदा एकदा हलला, पुन्हा स्थिर झाला.

"मामी," ती म्हणाली, "मागची गाठ रुतून राह्यली. थोडी ढिली करता?"

प्रयागबाई उठली. खिडकी पाठीमागं होती आणि तिची स्वतःचीच सावली सुनेच्या पाठीवर पडली होती. तिनं दोन्ही हात त्या सावलीत घातले. ओलं धोतर मनगटाला गार लागलं. बोटं इकडून तिकडं गेली, तिकडून इकडं आली.

"बाई," ती म्हणाली, "गाठ कुठी हाय, थे तेवढं सांग."